शेळ्या राखणारा म्हणून आम्हाला घसरगाडी ओढणारा कुत्रा विकला

शेतावर राखणीसाठी मोठ्या जातीचा कुत्रा घ्यायचा विचार असेल, त्यातही मोबाइलवरचा व्हिडिओ बघून, तर आमच्या घरी काय घडलं ते आधी वाचा. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण जास्त राग याचा येतो, की त्या माणसाने एका मुक्या जनावराला त्याच्या रक्तातच नसलेल्या कामासाठी विकलं. त्याची शिक्षा भोगली त्या कुत्र्याने आणि आमच्या करडांनी. विकणारा मोकळा.

आमचं शेत शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. थोडी केळी, थोडा कापूस, आणि जोडीला शेळ्या. केळीच्या बागेत आणि उसात बिबट्याचा वावर आता नवा राहिलेला नाही. रात्री मळ्यात सालदार आणि त्याची बायको, दोघंच. गावठी कुत्री भुंकून जागं करतात, पण बिबट्या आला की आधी तीच उचलली जातात. म्हणून अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनात आलं की मेंढपाळांकडे असतो तसा एखादा दांडगा कुत्रा असावा.

चौकशी सुरू केली आणि एका ग्रुपवर तो व्हिडिओ आला. पत्र्याचं शेड, खाली शेळ्या, त्यांच्या मधोमध काळा-पांढरा, दाट केसांचा, वळलेल्या शेपटीचा कुत्रा निवांत पडलेला. खाली लिहिलं होतं: हिमाचलचा गद्दी कुत्रा, वय सव्वा वर्ष, वजन 45 किलो, शेळ्या-मेंढ्या राखण्याचं पूर्ण ट्रेनिंग, बिबट्याला भिडणारा. फोन केला तर माणूस अतिशय गोड. गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन वरच्या कुरणांवर जातात, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात, हे सगळं त्याने रंगवून सांगितलं. ही माहिती खरी आहे, आणि म्हणूनच विश्वास बसला. उन्हाचं विचारलं तर म्हणाला, "काका, हा महाराष्ट्रातच वाढलाय, त्याला तुमच्या उन्हाची सवय आहे." भाव 38,000. दहा हजार लगेच फोनवरून पाठवा, बाकीचे कुत्रा हातात आल्यावर.

आम्ही त्याच्याकडे येऊन बघतो म्हटलं की दर वेळी काहीतरी निघायचं. शेवटी तोच म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेता, मी गाडीत आणून देतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका ढाब्यावर, दिवेलागणीच्या वेळी, पिकअपमधून कुत्रा उतरवला. मान खाली, पाय जड, हात लावला तरी काही नाही. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून एक गुलाबी पडदा अर्ध्या बुबुळावर आलेला होता. "प्रवासाने थकलाय, स्वभावच शांत आहे," तो म्हणाला. लसीचं कार्ड दिलं, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स दिली, उरलेले पैसे घेतले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पडून राहिला आणि संध्याकाळी उठला तो वेगळाच कुत्रा. डोळ्यांवरचा पडदा गेलेला, कान ताठ. सालदाराशी, त्याच्या पोरांशी, खताची पोती टाकायला आलेल्या अनोळखी ड्रायव्हरशीसुद्धा शेपटी हलवत लगट. भुंकणं नाहीच, मान वर करून लांबलचक हेल काढायचा. साखळीला असा ओढायचा की खुंटा हलायचा. रात्री कुंपणाखाली उकरायला लागला. आम्ही त्याचं नाव बादल ठेवलं.

त्याच आठवड्यात आमच्या रानात ठेलारी मेंढपाळ बांधवांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांच्यातले एक म्हातारे बाबा पाणी प्यायला आले आणि बराच वेळ बादलकडे बघत बसले. बादल खुंट्याला बांधलेला होता. डोकं जमिनीला समांतर, अंग ताठ, नजर करडांवर खिळलेली. बाबा अप्पांना म्हणाले, "हाऊ बकरीसकडे टक लाईसन दखस, भाऊ. राखनारं कुत्रं बकरीसकडे पाठ करीसन बसस." म्हणजे, हा शेळ्यांकडे टक लावून बघतो, राखणारं कुत्रं त्यांच्याकडे पाठ करून बसतं.

आम्ही त्यांच्या वाड्याकडे जाऊन पाहिलं. त्यांची कुत्री खरंच मेंढ्यांकडे पाठ करून, बाहेर अंधाराकडे तोंड करून बसली होती. मेंढी अंगावरून गेली तरी हलत नव्हती.

दुसऱ्याच पहाटे बादलचा पट्टा तुटला आणि दोन करडं गेली. त्याने ती खाल्ली नाहीत. पळणाऱ्या करडाच्या मागे धावला, धरलं, झटकलं, आणि लगेच पुढच्याच्या मागे. सालदाराच्या बायकोने धावत जाऊन पट्टा धरला तर शांतपणे तिच्या हाताला चाटायला लागला. माणसावर त्याने तेव्हाही दात काढला नाही आणि नंतरही कधी नाही.

विकणाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर ऐकून अंगावर काटा आला. "दोन दिवस उपाशी ठेवा, मेलेलं करडू गळ्यात बांधा आणि त्याच्यासमोर काठीने चांगला बडवा, आयुष्यात परत बघणार नाही." कृपा करून असं कुणी करू नका. जनावर बिथरतं, माणसावर उलटू शकतं, आणि मागे धावायची ऊर्मी मात्र तशीच राहते. मी पैसे परत मागितले त्या संध्याकाळपासून त्याचा फोन लागेना.

बादलला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची चिप, वाचायचं यंत्र मानेवरून, दोन्ही खांद्यांमधून, पुढच्या पायापर्यंत फिरवलं. काही नाही. दाखल्याच्या झेरॉक्सवर मात्र पंधरा आकडी नंबर छापलेला. लसीचं कार्ड त्यांनी उजेडात धरलं आणि मला दाखवलं: वेगवेगळ्या महिन्यांच्या नोंदी, पण सगळ्या एकाच पेनाने, एकाच झोकात लिहिलेल्या. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर एकही चिकटवलेलं नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही, शिक्का पुसट. म्हणजे रेबीजची लस दिली की नाही याचाही पत्ता नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. वजन आम्ही घरीच कापसाच्या काट्यावर केलं होतं. 45 सांगितलेलं, भरलं 29.

डोळ्यावरच्या पडद्याचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, ही कुत्र्याची तिसरी पापणी. गुंगीच्या काही औषधांनी ती अशी पुढे येते. आजारातही येते, पण एका दिवसात उतरली आणि कुत्रा टुणटुणीत झाला, म्हणजे औषधच दिलं असणार. व्हिडिओत शेळ्यांमध्ये तो इतका निवांत का पडला होता, ते आता कळलं.

जात त्यांनी बघताक्षणी सांगितली. हस्की, आणि आकारावरून त्यात मॅलम्यूटची, म्हणजे घसरगाडी ओढणाऱ्याच दुसऱ्या मोठ्या जातीची, भेसळ असावी. हस्की हा सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर घसरगाडी ओढायला जोपासलेला कुत्रा. ओढणं, लांबवर पळणं, टोळीने राहणं, आणि पुढे काही छोटं पळालं की त्याच्या मागे सुटणं, हे त्याच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. माणसाशी त्याचं सहसा वैर नसतं, म्हणून राखणीला त्याचा उपयोगही नाही. चोर आला तर त्याच्याशीही खेळेल. राखणाऱ्या जातींचं उलटं. गद्दी घ्या, तुर्कस्तानचा कांगल घ्या, त्यांच्यात पाठलाग करून धरण्याची ऊर्मी निवडीने मंद केलेली असते. आणि तेवढंही पुरत नाही. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात शेळ्या-मेंढ्यांच्या वासात, त्यांच्या अंगाशी वाढावं लागतं, तेव्हा ते कळपाला आपलं मानतं. शिवाय ही कुत्री स्वतःच्या डोक्याने चालतात, हुकमाची वाट बघत नाहीत. म्हणून कुणी सांगितलं की मोठ्या कुत्र्याला पंधरा दिवसांत राखणीचं ट्रेनिंग देऊन देतो, तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा त्याने खरंखुरं गद्दी दिलं असतं, तरी ते थंड डोंगरातलं कुत्रं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. कुत्र्याला घाम फक्त तळपायाला येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. दुहेरी केसांच्या कुत्र्याला खान्देशातल्या पत्र्याच्या शेडखाली दुपारी बांधणं म्हणजे त्याचा जीव घेणं. लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल अडखळली की साधं पाणी अंगभर ओता, पंख्याखाली घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. केस मात्र भादरू नका. तो थर उन्हापासूनही वाचवतो. आतली मऊ लव गळायला लागली की विंचरून काढायची, इतकंच.

आपल्याकडची माणसं सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना दात बघतात, खुरं बघतात, चाल बघतात, मालकाच्या घराण्याची चौकशी करतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र फोटो बघून पैसे टाकतात, आणि या लोकांना ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून जिथे जनावर वाढलं तिथे दिवसाउजेडी जा. राखणीचा म्हणत असेल तर त्याला शेळ्यांमध्ये मोकळा सोडायला लावा, करडू पळू द्या, आणि कुत्रा कुठे बघतो ते बघा. पिल्लू असेल तर निदान आई बघायला मागा. आई दाखवत नसेल तर परत फिरा. डोळ्यांवर पडदा, लाळ, डुलणं दिसलं तर व्यवहार त्या दिवशी करूच नका. चिप आहे म्हणत असेल तर दवाखान्यात यंत्र फिरवून मगच पैसे द्या. दाखल्यावरचा नंबर आणि यंत्रातला नंबर जुळला नाही तर तो कागद रद्दी.

आमचे एक नातेवाईक शहाद्याकडे आहेत. त्यांना अशाच एकाने ग्रेट डेनचं पिल्लू विकताना वर हाडं जाड होण्याची पावडर खपवली, रोज दोन चमचे. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तर हाडं आणि सांधे वेडेवाकडे वाढतात. ती जात हळूहळूच वाढायला हवी. त्यांनी डॉक्टरांना विचारून ती वेळेत बंद केली.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. केंद्राच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे कुत्री पैदास करून विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विकलेल्या कुत्र्याला चिप असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा. जो खरा असेल तो देईल. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितकी घाई कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आम्ही पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठी आहे. धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही कागद तयार केलेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. व्हिडिओ, चॅट, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, दवाखान्याचा चिप नसल्याचा लेखी अहवाल, मेलेल्या करडांचे फोटो, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही ठेवा, आणि फोनवरचं बोलणं शक्यतो मेसेजवर लिहून घ्या. "शेळ्यांना काही करणार नाही" हे त्याने चॅटमध्ये लिहिलेलं आहे, आणि आमची तक्रार मुख्यतः त्याच वाक्यावर उभी आहे.

बादलला परत पाठवायला कुणी नाही आणि रस्त्यावर सोडणार नाही. मळ्यातून त्याला गावातल्या घरी आणलं. माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे अंधारात पळायला जातो. गळ्याऐवजी छातीला पट्टा बांधून तो बादलला सोबत नेतो. दिवस उगवायच्या आत दोघं परत येतात. दुपारी बादल मधल्या खोलीत फरशीवर, पंख्याखाली. कुंपण उकरणं थांबलं, हेल काढणं कमी झालं. शेळ्यांजवळ मात्र त्याला आम्ही कधीही नेत नाही, साखळीलासुद्धा नाही. मळ्यात शेळ्यांसाठी वरून जाळी बंद केलेला गोठा बांधून घेतला आणि रात्री दिवा ठेवला. बिबट्यासाठी तेवढंच करता आलं.

तो माणूस अजून विकतोय. गेल्या महिन्यात दुसऱ्या ग्रुपवर त्याचा नवा व्हिडिओ आला, नवा नंबर, नवं नाव. शेड तेच, मागच्या भिंतीवर अर्धवट पुसलेली सिमेंटची जाहिरातही तीच. या वेळी कुत्रा तपकिरी आहे आणि खाली लिहिलंय, कांगल, मेंढ्या राखणारा, घरपोच मिळेल. शेळ्यांमध्ये निवांत पडलेला असा कुत्रा तुमच्या मोबाइलवर आला, तर व्हिडिओ थांबवून आधी त्याचे डोळे मोठे करून बघा. पडदा दिसला तर तो व्हिडिओ आणि नंबर जपून ठेवा आणि पोलिसांत द्या. आमच्या अर्जाला जोड मिळेल.