.३२ पिस्तूल की .२२ रिव्हॉल्व्हर: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका पावसाळ्यानंतर

जून २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेलं माझं .३२ (नळीचं माप, इंचात) पिस्तूल घरी आणलं, होल्स्टरमधून म्हणजे चामड्याच्या म्यानातून काढलं, आणि स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, चामड्याच्या शिवणीची रेघ टाक्या-टाक्यानिशी उमटलेली दिसली. तांबूस, बोटाला खरखरीत लागणारी. मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढून वरची पट्टी अंगठ्यानं दाबली तर ती अर्ध्यावर अडकली. नोव्हेंबरात घेतलेलं पिस्तूल, पन्नास गोळ्यासुद्धा झाडलेल्या नाहीत! त्या संतापातच हे लिहायला घेतलं होतं.

आमचा काजू खरेदीचा धंदा आहे. मार्च ते मे गावोगाव रोकड घेऊन फिरावं लागतं, म्हणून परवाना. माझ्याकडे .३२ पिस्तूल, बायकोच्या नावावर .२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर. इंटरनेटवर छोट्या हँडगनच्या (हातात धरायच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या) तुलना वाचाल तर सगळ्या नाइन एमएमभोवती फिरतात. आपल्याकडे ते प्रोहिबिटेड बोर, म्हणजे बंदी असलेलं माप, केंद्राच्या खास परवानगीशिवाय मिळत नाही. त्यामुळे आपल्यासाठी प्रश्न उरतो तो बहुतेक .३२ की .२२ हाच. त्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. नावावर बापजाद्यांची बाराबोर (छऱ्यांची लांब बंदूक) असेल तर हँडगन एकच घेता येणार, म्हणून विचार करून घ्या.

घेताना माझं मत ठाम होतं, .३२ च. .३२ एसीपी (पिस्तुलाच्या गोळीचा प्रकार) ची गोळी ७१ ग्रेनची, .२२ ची ४० ग्रेनची; ग्रेन हे वजनाचं बारीक एकक. जवळपास दुप्पट वजन. पिस्तूल चपटं, शर्टाखाली दिसत नाही. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर, म्हणजे गोळ्यांची फिरती चकती, कमरेला फुगतो. एक गोष्ट मात्र दुकानातच समजून घ्या. .३२ म्हटलं तरी पिस्तुलाची गोळी वेगळी, रिव्हॉल्व्हरची वेगळी. पिस्तुलाला एसीपी लागते, जी हत्यारं बनवणाऱ्या जॉन ब्राउनिंगनं १८९९ मध्ये आणली. .३२ रिव्हॉल्व्हरला लागते ती एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग. ओळखीच्या एका बागायतदारानं चुकीची पाकिटं घरी आणली आणि बदलून घ्यायला नाकी नऊ आले.

आता निवडणुकीचं. १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि आठवडाभरात हत्यारं ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली. काजूचा हंगाम ऐन भरात, खिशात रोकड, आणि ज्यासाठी परवाना घेतला ते हत्यार ठाण्यात. गोव्यात मतदान ७ मे ला, निकाल ४ जूनला, तोपर्यंत परत मिळत नाही. नियम आहे, मान्य. पण ज्या खोलीत ती हत्यारं ठेवली होती तिची एक भिंत पाझरत होती, हे मी परत घेताना डोळ्यांनी पाहिलं. पावतीवर नंबर, बोर, गोळ्यांची संख्या. हत्यार कोणत्या अवस्थेत घेतलं याची एक ओळ नाही. मी विचारलं तर 'सगळ्यांचीच अशी आहेत' हे उत्तर. माझं नुकसान झालं ते झालं, पण शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची रानडुकरांसाठीची बंदूक नळीतून लाल झाली होती. त्यानं ती दुरुस्त कुठून करायची?

हत्यारांच्या डीलरकडे गेलो तेव्हा मात्र त्यानं पहिलंच विचारलं, 'होल्स्टरसकट दिलंत काय?' होय, दिलं होतं. चामडं ओल धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेले क्षार धातूला लागतात. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या सत्तरीत त्याहून जास्त, आणि मे महिन्याची दमट हवा तर पावसाहून वाईट. भिंत ठाण्याची, होल्स्टर माझं. मॅगझीनची स्प्रिंग बदलावी लागली, ग्रिपच्या म्हणजे मुठीच्या पट्ट्या काढल्यावर आतही ठिपके निघाले.

बायकोचं .२२ त्याच खोलीत, तेवढेच दिवस होतं. तिनं ते तेलाचा हात फिरवून जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिलं होतं. एक ठिपका नाही. दर रविवारी ती सिलिंडर काढते, गोळ्यांची सगळी घरं उजेडासमोर धरून बघते, ब्रश फिरवते, पाच मिनिटांत काम संपतं. 'अहो, तुमच्या त्या पिस्तुलाच्या आत काय चाललंय ते दिसतं तरी का?' असं ती म्हणाली, आणि ते खरं आहे. स्प्रिंग मॅगझीनच्या पोटात, तिला गंज चढला तर गोळी अडकेपर्यंत कळत नाही.

.२२ बिनदोष आहे असं नाही. ती रिमफायर गोळी, म्हणजे कडेवर ठोकली की पेटणारी. ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, तो सगळीकडे सारखा बसला नसेल तर घोडा पडूनही बार उडत नाही. नेमबाजीच्या रेंजवर बायकोच्या तीन गोळ्या अशा गेल्या. अशा वेळी नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडायचं नाही. पण रेंजवरच्या शिक्षकांनी दाखवलं की खरी वेळ आली तर रिव्हॉल्व्हरचा चाप परत ओढला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात फुसकी गोळी दोन्ही हातांनी स्लाइड ओढून बाहेर काढावी लागते. मी नोव्हेंबरात फक्त ग्रेन मोजत होतो, हे धरलंच नव्हतं. शिवाय .२२ ची गोळी स्वस्त, म्हणून ती वर्षात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झाडते आणि तिचा नेम माझ्याहून चांगला बसतो.

तरीही पिस्तूल विकणार नाही. सावर्ड्याकडून रात्री एकट्यानं येताना मला .३२ च हवं. पण होल्स्टर आता फक्त कमरेला असतानाच. घरी आलं की पिस्तूल वेगळं, गोळ्या वेगळ्या, कपाटात सिलिका जेलची पुडी, आणि दर पंधरवड्याला मॅगझीन पूर्ण सोडवून पुसायचं. तेलाचं बोट गोळ्यांना लावायचं नाही, आतला मसाला खराब होतो. पुढच्या निवडणुकीला जमा करताना चारही बाजूंचे फोटो काढून त्यांच्यासमोर पावतीवर 'गंज नाही' असं लिहून घेणार, लिहीत नसतील तर तसा अर्ज देऊन पोच घेणार.

डीलरनं पूर्ण ब्ल्यूइंगचा (गंज रोखणारा निळसर-काळा थर देण्याचा) खर्च सांगितला. तेवढ्यात दोन वर्षांच्या सरावाच्या गोळ्या येतात. नको म्हटलं. शिवणीची रेघ बारीक पोलादी लोकरीनं (स्टील वूलनं) घासून तेल लावलंय, आणि तिथं परत तांबूस रंग दिसतो का ते रोज रात्री बघतो.