अंड्याची ॲलर्जी: सुईची चाचणी, रक्ताची चाचणी की अंडं खाऊ घालून खात्री?

चाचणी निवडण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: काय खाल्लं, किती, कसं शिजवलेलं आणि किती मिनिटांनी काय झालं. अंडं खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली किंवा धाप लागली, तर ती आयजीईची (ॲलर्जी घडवणाऱ्या रक्तातल्या प्रतिपिंडाची) ॲलर्जी असू शकते आणि पुढच्या चाचण्या तिच्यासाठीच आहेत. तान्ह्या मुलाला एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होऊन ते पांढरंफटक पडत असेल, पण अंगावर काहीच उठत नसेल, तर आजार वेगळा असतो. त्यात सुई आणि रक्त, दोन्ही चाचण्या बहुधा निगेटिव्ह येतात. अशा निकालावर विसंबून घरी पुन्हा अंडं देऊ नका.

सुईची चाचणी स्वस्त आणि झटपट आहे. हातावर किंवा पाठीवर अंड्याच्या पांढऱ्याच्या अर्काचा थेंब, शेजारी तुलनेसाठी हिस्टामिन (ज्याने फोड यायलाच हवा) आणि सलाईन (ज्याने येऊ नये) यांचे थेंब, त्यावर हलकी टोच, आणि 15 मिनिटांनी फोड मोजायचा. सलाईनपेक्षा तो 3 मिमी किंवा अधिक मोठा असला तर चाचणी पॉझिटिव्ह. गडबड होते ती औषधांमुळे. सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी 5 ते 7 दिवस आधी बंद हवी, आणि सर्दीच्या सिरपातही अशी औषधं असतात, हे आईवडिलांच्या लक्षात राहत नाही. हिस्टामिनच्या जागीही फोड आला नाही, तर तो निकाल वाचूच नये. अंगभर इसब असलं तर टोचायला निरोगी कातडी मिळत नाही. तीव्र रिॲक्शननंतर साधारण 4 ते 6 आठवडे थांबावं, कारण त्या काळात चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

रक्ताच्या चाचणीला ही बंधनं नाहीत. गोळी चालू ठेवता येते, उपाशी राहावं लागत नाही, दोन-तीन मिली रक्त पुरतं. सीरम, म्हणजे रक्तातला वेगळा केलेला द्रव, थंड ठेवून पाठवलं तर आयजीई सहसा बिघडत नाही, म्हणून गोव्यातल्या काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यातून तज्ज्ञापर्यंत लगेच पोचता येत नसेल, तर सुरुवात इथून करणं सोयीचं. मात्र मागणीपत्रावर नुसतं ‘ॲलर्जी टेस्ट’ नको. ‘अंड्याच्या पांढऱ्याची स्पेसिफिक आयजीई’ आणि जोडीला ‘ओव्होम्युकॉइड’ असं स्पष्ट लिहून घ्या. ओव्होम्युकॉइड हे प्रथिन उष्णतेने फारसं मोडत नाही. त्याची पातळी कमी असलेल्या अनेक मुलांना केकमधलं भाजलेलं अंडं चालतं, जास्त असेल तर तेही त्रास देण्याची शक्यता वाढते.

आकडे जपून वाचा. 0.35 किलोयुनिट प्रति लिटरच्या वर गेलं की अहवालात ‘पॉझिटिव्ह’ छापून येतं, पण तेवढ्यावरून अंडं बंद करणं मुलावर अन्याय आहे. इसब असलेली कितीतरी मुलं असा अहवाल घेऊन रोज आरामात अंडं खातात. अंड्याच्या पांढऱ्याची आयजीई मोठ्या मुलांत 7 आणि दोन वर्षांखालील मुलांत 2 च्या वर गेल्यास ॲलर्जीची शक्यता सुमारे 95 टक्के धरली जाते. हे आकडे परदेशातल्या ॲलर्जी केंद्रांत आलेल्या मुलांवरून निघालेले आहेत, त्यामुळे त्यांना रेषा न मानता अंदाज माना. आकड्यावरून पुढची रिॲक्शन किती जोरात येईल हे कळत नाही.

शंभर पदार्थांच्या पॅनेलवर पैसे घालू नका. त्यात नेहमी चालणारे पदार्थही पॉझिटिव्ह येतात आणि घरातून मासळी, गहू, डाळ विनाकारण बाहेर जाते. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची चाचणी तर ॲलर्जीसाठी घेऊच नये, ती बहुतेकदा तो पदार्थ खाण्यात आहे एवढंच सांगते.

इतिहास आणि चाचणी जुळत नसतील, किंवा मूल मोठं होऊन आकडा खाली आला असेल, तर शेवटचा शब्द खाऊ घालण्याच्या चाचणीचा. ती फक्त रुग्णालयात, ॲड्रिनलिन (तीव्र रिॲक्शनवरचं इंजेक्शन) तयार ठेवून करावी. ताप किंवा दमा चढलेला असेल तर पुढे ढकलावी. आधी 180 अंशांवर 30 मिनिटं भाजलेला, एक तृतीयांश अंडं असलेला मफिन देतात. तो थोडा थोडा, 15 ते 30 मिनिटांच्या अंतराने खाऊ घालून नंतर किमान दोन तास थांबवतात. मफिन पचला म्हणून रस ऑमलेट, कॅरॅमल पुडिंग किंवा बिबिंका (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) लगेच मोकळी होत नाही. पुडिंगचं अंडं मंद आचेवर शिजतं, बिबिंकेत बलक भरपूर असतात आणि बलक वेगळे करताना पांढरा थोडातरी राहतोच.

अंड्याच्या ॲलर्जीमुळे मुलाची गोवर-रुबेलाची लस अडवू नये. मात्र जहाजावर नोकरीला निघालेल्यांनी पीतज्वराच्या लशीआधी ही ॲलर्जी सांगितलीच पाहिजे. ती लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून आधी ॲलर्जी तज्ज्ञाला दाखवण्याइतका वेळ निघण्याच्या तारखेपूर्वी हाताशी ठेवा.