'बुस्कार' की 'पेर्सेगीर'? अकादमीचा कोश उघडा

स्पॅनिशची पहिली पातळी पार केली की फोनवर रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा, कोश हवाच, असं मी वर्गात प्रत्येक बॅचला सांगते. माद्रिदची ही अकादमी १७१३ची. कोशाची तेविसावी आवृत्ती २०१४ला निघाली आणि आता तो इंटरनेटवर फुकट आहे, वरचेवर भरही पडते.

भाषांतराच्या ॲपला 'मागे लागणे' विचारलं, तर ते एक शब्द देऊन मोकळं होतं. या कोशात 'पेर्सेगीर' उघडा. पळणाऱ्याला गाठण्यासाठी त्याच्या मागे जाणं, हा पहिला अर्थ. मग एखाद्याचा पिच्छा पुरवणं, मग छळणं, त्याखाली काहीतरी मिळवण्यासाठी धडपडणं. न्यायाधीशाच्या कारवाईपर्यंत यादी जाते. हा क्रम सावकाश वाचला की 'पेर्सिगो उन त्राबाखो' (मी नोकरीच्या मागे लागलेय) का खटकतं ते कळतं. नोकरी शोधताय ना, मग 'बुस्कार' म्हणजे शोधणे, साधं 'बुस्को त्राबाखो' म्हणा. स्वप्नाच्या मागे लागलात तर 'पेर्सिगो उन सुएन्यो' खुशाल चालेल. पदवीचं शिक्षण घेताना मात्र यातलं एकही क्रियापद नको, तिथे 'एस्तुदियार उना कार्रेरा'.

क्रियापदाची सगळी रूपंही मिळतात. 'मी शोधलं'साठी 'बुस्के' लिहिताना 'सी' जाऊन 'क्यू-यू' येतो, 'पेर्सिगो'त 'ई'चा 'आय' होतो आणि 'यू' गळतो. परीक्षेत मुलं नेमकी इथेच गुण घालवतात.

सगळ्या व्याख्या स्पॅनिशमध्येच आहेत, त्यामुळे अगदी नवख्याने आधी द्विभाषी कोशच वापरावा. आणि वाक्यरचनेसाठी हा कोश पुरत नाही. 'बुस्को आ उना एन्फेर्मेरा के आब्ला इंग्लेस' म्हणजे इंग्रजी बोलणारी एक ठरावीक नर्स मी शोधतेय. 'बुस्को उना एन्फेर्मेरा के आब्ले इंग्लेस' म्हणजे इंग्रजी येणारी कुणीही चालेल. 'आ' गेला, 'आब्ला'चं 'आब्ले' झालं आणि शोधच बदलला! जाहिरात लिहिणाऱ्याला हा फरक माहीत हवा. माणसाआधीचा हा 'आ' कधी लावायचा याची चर्चा 'दिक्सियोनारियो पानिस्पानिको दे दुदास'मध्ये आहे. तो २००५मध्ये अकादमीने इतर स्पॅनिशभाषक देशांच्या अकादम्यांबरोबर काढला, आणि तोही फुकटच वाचता येतो. माझ्या फोनवर दोन्ही शेजारी शेजारी उघडे असतात.