हवाबंद धान्य पिशवी: तुरीला भरवशाची, ओल्या धान्याला घातक

फेब्रुवारी-मार्चमध्ये पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांकडून तूर, हरभरा, ज्वारी एकदम घ्यायची आणि सभासदांना वर्षभर एकाच भावाने द्यायची, हे बऱ्याच बचत गटांना जमतं. गाडं अडतं ते आषाढात. पोत्यात हात घातला की बोटांना पीठ लागून येतं, आणि पुढच्या वर्षी कुणी आगाऊ पैसे देत नाही. हवाबंद पिशव्या नेमक्या या अडचणीसाठी आहेत. काम चोख करतात, पण अटी घालून.

बाजारात मुख्यतः दोन जाती. ‘पिक्स’ ही अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमधल्या चवळीसाठी तयार केलेली. आत ८० मायक्रॉन जाडीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दोन पॉलिथिन पिशव्या, बाहेर विणलेलं प्लॅस्टिकचं पोतं. दुसरी ‘ग्रेनप्रो’सारखी: अस्तर एकच, पण त्यात वायू अडवणारा थर असतो आणि ती आपल्याच पोत्यात घालायची. कडधान्यासाठी दुहेरी अस्तर उजवं वाटतं. दाण्यातून बाहेर पडणारा भुंगेरा कधी कधी आतल्या पिशवीला टाचणीएवढं भोक पाडतो, तेव्हा दुसरी पिशवी सांभाळून घेते. ‘एअरटाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या लायनरच्या नादी लागू नका. मायक्रॉन विचारले की विक्रेता विषय बदलतो.

आत औषध काहीच नसतं. धान्यातले किडे श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो, त्यांचं खाणं थांबतं आणि शेवटी ते कोरडे पडून मरतात. जुन्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, हेच घडायचं. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तुरीला, मुगाला, चवळीला ही पिशवी सगळ्यात जास्त लागू पडते, कारण शेंगा शेतात वाळत असतानाच भुंगेरा त्यांवर अंडी घालतो. कीड मालाबरोबरच घरात येते. पत्र्याची कोठी कितीही घट्ट लावली तरी झाकणाला आणि खालच्या तोंडाला फट राहतेच. धान्यात मिसळलेला पाला आणि राख थोडीफार मदत करतात, एवढंच.

आता मुख्य अट. पिशवी धान्य वाळवत नाही. तागाच्या पोत्यातलं थोडं ओलं धान्य हवेने सावरतं. इथे ओलावा आतच कोंडतो, धान्य आंबतं, बुरशी धरते. मक्यात आणि भुईमुगात ती बुरशी विषारी असू शकते, नुसता वास गेला म्हणून माल खाण्याजोगा होत नाही. खायच्या ज्वारी-गहू-कडधान्यात ओलावा १२ टक्क्यांपर्यंत हवा, शेंगदाण्यात ७-८. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर मिठाची चाचणी करा: कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य, दोन चमचे भाजून कोरडं केलेलं मीठ, मिनिटभर हलवून १५ मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तर तो १५ च्या खाली आहे एवढंच कळतं, आणि लोक नेमके इथेच फसतात. आणखी दोन कडक उन्हं द्या. गटाने मिळून एक मीटर घेतला तर फारच बरं.

बियाण्याचं गणित याहून कडक. बीज प्रमाणीकरणाच्या मानकांत साध्या पोत्यातल्या ज्वारी-गव्हाच्या बियाण्याला १२ टक्के ओलावा चालतो, ओल न शिरणाऱ्या वेष्टनात मात्र ८ टक्केच. सोयाबीनला १२ च्या जागी ७. कोकणातल्या दमट हवेत नुसत्या उन्हावर हे गाठणं कठीण, तेव्हा तिथल्या बियाणे बँकेने सगळं बी एकदम यात कोंडू नये. जिथे भराल तिथेही पेरणीआधी १०० दाण्यांची उगवण चाचणी चुकवू नका.

भरताना घाई नडते. उन्हातलं धान्य रात्रभर निवू द्या. गरम भरलं तर अस्तराला आतून घाम फुटतो. पिशवीत हवा भरून, तोंड पिळून दाबून बघा, कुठून फुसफुस येते का. काडीकचरा, कणसाचे टोकदार तुकडे चाळून काढा. भरताना कोपरे दाबत जा, वर हवेची पोकळी ठेवू नका. मग आतली पिशवी पिळून, दुमडून सुतळीने करकचून बांधा. दुसरी तशीच वेगळी, बाहेरचं पोतं शेवटी. तिन्ही तोंडं एका दोरीत बांधली की सगळी मेहनत पाण्यात.

त्यानंतर निदान दोन महिने हात लावायचा नाही. रोज दोन पायल्या काढणाऱ्या घराला ही पिशवी सोयीची नाही, दर वेळी ताजी हवा आत जाते. गटाने २५ किलोच्या पिशव्या घेऊन एका वेळी एकच फोडावी. मोठा उणेपणा म्हणजे उंदीर. पिशवी त्याला अडवत नाही. फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि खोलीचा बंदोबस्त वेगळा करा.

किमती विक्रेत्यागणिक बदलतात. समजा ५० किलोची पिशवी १५० रुपयांना पडली आणि तीन हंगाम टिकली, तर किलोमागे हंगामाला १ रुपया. किडक्या तुरीची डाळ भरडताना जी चुरी पडते, तिच्यापुढे हा खर्च काहीच नाही. पण शेकडो क्विंटलसाठी हा मार्ग नव्हे. सुगीत पैशाची नड असलेल्या शेतकऱ्याने तूर-सोयाबीनसाठी बाजार समितीच्या गोदामात शेतमाल तारण योजना बघावी: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत.

नव्या गटाने पहिल्या वर्षी दहा पिशव्या घ्याव्यात, त्याही फक्त तुरीला आणि मुगाला. ज्वारी सध्या कोठीतच राहू द्या.