माणगावच्या नाइकासमोरचे तीस जर्मन

वॉरलॉर्ड गेम्स ही टेबलावरच्या युद्धखेळांसाठी मिनिएचर, म्हणजे छोटे शिपाई, बनवणारी कंपनी. तिचा 'जर्मन ग्रेनेडियर्स' हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन शिपायांचा डबा मी गेल्या हिवाळ्यात घेतला. तीसच्या तीस शिपाई रंगवून झालेत, त्यांच्याशी सात-आठ वेळा खेळूनही झालंय, म्हणून आता लिहितोय. पण डबा का घेतला ते आधी सांगितलं पाहिजे, कारण माझं मत त्यावरच उभं आहे.

मी माणगावचा. आमच्याकडे यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे आणि त्यांची गोष्ट आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक, म्हणजे एका छोट्या तुकडीचे, सेक्शनचे, प्रमुख. १० जुलै १९४४, इटलीतलं वरच्या टायबर नदीचं खोरं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधली सगळी माणसं पडली, एकटे नाईक उभे राहिले. ते सरळ त्या गनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा उडवला, दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.

आता मी डर्बीला राहतो, इस्पितळात एक्स-रे विभागात आहे. नॉटिंगहॅम आमच्यापासून अर्ध्या तासावर. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे गाव रॅले सायकलमुळे माहीत असेल. मिनिएचरवाल्यांची मात्र ती पंढरी आहे. गेम्स वर्कशॉप तिथलं, पेरी मिनिएचर्स तिथलं, वॉरलॉर्डही तिथलंच. टायबरचा तो प्रसंग टेबलावर मांडायचा हे मी बरेच दिवस मनात धरून होतो. मराठे तयार झाले होते. त्यांच्या कातडीचा रंग जमवताना मी दिव्याखाली स्वतःचं मनगट ठेवून तपकिरी आणि पिवळसर रंग थेंबाथेंबाने मिसळला होता. अडलं होतं ते समोरच्या बाजूला.

त्याआधी दुसऱ्या एका कंपनीचे जर्मन घेतले होते, तिचं नाव लिहीत नाही. त्यांची तोंडं सगळी सारखी, ओरडणारी, आणि हात पंजासारखे मोठे. तसे शिपाई समोर ठेवले की नाईक एखाद्या चित्रकथेत शिरल्यासारखे वाटायचे. मला ते नको होतं.

वॉरलॉर्डच्या डब्यात २८ मिलिमीटरचे तीस शिपाई येतात, कडक प्लास्टिकमध्ये. मी घेतला तेव्हा एका शिपायामागे साधारण एक पौंड पडला. धड, हात, डोकी, हत्यारं सगळं सुटं असतं आणि फ्रेममधून कापून घ्यावं लागतं. ग्रेनेडियर या शब्दाने काही विशेष तुकडी असेल असं वाटू देऊ नका. ऑक्टोबर १९४२ मध्ये जर्मन लष्कराने आपल्या साध्या पायदळ रेजिमेंटांनाच हे नाव दिलं. मला साधं पायदळच हवं होतं. एसएसचे, म्हणजे नाझी पक्षाच्या सैन्याचे, शिपाई मी रंगवत नाही आणि त्यांची चिन्हं माझ्या टेबलावर येत नाहीत, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलेलं आहे.

या डब्याची खरी श्रीमंती त्याच्या डोक्यांत आहे. हेल्मेटवाली आहेत, टोपीवाली आहेत, आणि चेहरे एकमेकांपासून वेगळे आहेत. एकाचे गाल बसलेले, एकाचं तोंड मिटलेलं. मान गोल खोबणीत बसते, त्यामुळे डोकं जरा डावीकडे फिरवलं की तोच माणूस शेजाऱ्याचं ऐकतोय असं वाटतं, खाली झुकवलं की दमलेला वाटतो. डोकं चिकटवल्यावर प्लास्टिकचा सिमेंट, म्हणजे गोंद, घट्ट व्हायला मिनिटभर लागतो. तेवढ्या मिनिटात तो माणूस कोण ते ठरतं. मी एकेका डोक्याला तीन-चार वेळा फिरवून पाहिलं आहे.

हत्यारांचं सांगतो. नवी स्टुर्मगेव्हेर ही स्वयंचलित रायफल, रणगाडे फोडायचं पांझरफाउस्ट, एमजी ४२ ही मशीनगन, साध्या रायफली असा भरपूर माल आहे आणि निम्मा तरी उरतोच. ज्यांना १९४५ चं बर्लिन किंवा पूर्व आघाडी खेळायची आहे त्यांना तो सगळा लागेल. मी १९४४ च्या उन्हाळ्यातलं इटली करत होतो, म्हणून बहुतेकांच्या हातात कार ९८ ही साधी रायफल दिली आणि स्टुर्मगेव्हेर सगळ्या बाजूला काढून ठेवल्या. १९४० च्या फ्रान्सचे जर्मन कोणाला हवे असतील तर हा डबा त्यांच्यासाठी नाही.

जोडणीत घाई करू नका. मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ, खरवडायला सुरीची धार न वापरता पाठ वापरा, नाहीतर पट्ट्यांचे तपशील जातात. रायफलची नळी नाजूक असते. एकीवर माझ्या शर्टाची बाही अडकली आणि ती मोडली, तिच्या जागी उरलेल्यांतली दुसरी बसवली. प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या, वेळी मी मोठी चूक केली. नोव्हेंबरात, बाहेर पाऊस असताना, गॅरेजमध्ये स्प्रे मारला. हवेतल्या दमटपणाने रंग दाणेदार बसला, सहा शिपायांच्या अंगावर रवा चिकटल्यासारखा. ते सहाही धुऊन पुन्हा केले. कोकणातल्या पावसाळ्यात कोणी हे करणार असेल तर त्याने प्रायमर ब्रशनेच लावावा.

आता रंग. बहुतेक लोक डोळे मिटून व्हालेहो या रंगकंपनीचा जर्मन फील्ड ग्रे हा करडा-हिरवा रंग लावतात. हिवाळ्याच्या लोकरी गणवेशाला तो बरोबर आहे. पण जुलैतल्या इटलीत त्यांना सुती ड्रिलचा उन्हाळी गणवेशही मिळायचा, लव्हाळ्यासारख्या हिरव्या रंगाचा, आणि तो धुऊन धुऊन भलताच विटायचा. कोटाचा रंग वेगळा, पँटचा वेगळा. मी तळाला व्हालेहोचा रिफ्लेक्टिव्ह ग्रीन घेतला आणि प्रत्येक शिपायासाठी त्यात करडा निरनिराळ्या मापाने मिसळला. कोणाचा कोट नवा, कोणाचा जवळजवळ राखेसारखा. वर सिटाडेलचा अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड हा वॉश, म्हणजे खाचांत साठणारा रंग, पातळ करून फक्त चुण्यांत सोडला. मग कोपरं, गुडघे आणि खांदे यांवर फिकट रंगाचा हलका हात. आमच्या गच्चीवर दोरीवर वाळणारी बाबांची खाकी अर्धी चड्डी जशी शिवणीपाशी गडद आणि बसायच्या जागी पांढुरकी व्हायची, अगदी तसं दिसायला लागलं.

पाठीकडची बाजू तर रंगवणाऱ्यासाठी सणच आहे. पन्हळी डब्यात गॅसमास्क, पाण्याच्या बाटलीवर तपकिरी फेल्ट, कापडी ब्रेडबॅग, छोटं फावडं, काळ्या कातडी पट्ट्या. चामडं वाचवायला तोवर लांब बुटांऐवजी घोट्यापर्यंतचे बूट आणि कॅनव्हासचे गेटर, म्हणजे घोट्यावरचे पट्टे, द्यायला लागले होते, त्यांना मी गोणपाटाचा रंग दिला. एका शिपायाच्या खांद्यावर मी टोमॅटो पेस्टच्या ट्यूबचा पत्रा कापून त्रिकोणी झेल्टबान, म्हणजे तंबूचं आणि अंगावर घ्यायचं कापड, घातला. त्यावर १९३१ चा तो कोनदार छापा: मातकट तळ, त्यावर हिरवे आणि तपकिरी तुकडे, आणि त्यावरून पावसाच्या सरींसारख्या बारीक हिरव्या रेघा. त्या रेघांसाठी तीन रात्री गेल्या. ड्यूटीवरून आल्यावर अकरा ते एक.

त्याच दिवसांत आईचा फोन आला होता. मी व्हिडिओवर तिला शिपाई दाखवले. ती म्हणाली, "अरे, ज्यांनी घाडग्यांना मारलं त्यांनाच एवढं जिवापाड रंगवत बसलायस?"

मी म्हटलं, "आई, समोर कोण होतं ते दिसल्याशिवाय नाईक कुठे धावत गेले ते मला कळत नाही."

तिला पटलं की नाही ते ती बोलली नाही. त्या बाटलीवर खरंच कापड असायचं का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं.

घाडग्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात त्या गनवर चार माणसं मोजता येतात: एक गन चालवणारा, एक गोळी लागलेला, दोन दस्त्याने मेलेले. म्हणून मीही चारच बनवले. एमजी ४२ मिनिटाला बाराशेच्या आसपास गोळ्या झाडायची. दोनशे-अडीचशे गोळ्यांनंतर नळी तापून बदलावी लागे, आणि गोळ्यांचा पट्टा संपत आला की कोणीतरी दुसरा तयार ठेवावा लागे. माझ्या चौघांतला एक पट्टा दोन्ही हातांवर घेऊन आहे, एक सुट्या नळीचा डबा शेजारी ठेवून गुडघ्यावर आहे, चौथा मागे वळून पाहतोय. हे सगळं याच डब्यातल्या हातांतून जमलं, फक्त नळीचा डबा मी प्लास्टिकच्या काडीतून केला. चौथ्याचं डोकं मागे का वळवलं ते मला सांगता येणार नाही. चिकटवताना तसं वाटलं.

खेळ बोल्ट अ‍ॅक्शनच्या नियमांनी खेळतो. २०१२ मध्ये आलेले हे नियम रिक प्रीस्टली आणि अलेसिओ काव्हातोरे यांचे. दोन्ही बाजूंचे ऑर्डरचे फासे एकाच पिशवीत जातात. ज्याचा फासा हाताला लागेल त्याच्या एका तुकडीची पाळी, त्यामुळे कोण कधी हलेल ते कोणालाच माहीत नसतं. गोळ्या लागल्या की तुकडीवर पिन, म्हणजे दबावाच्या खुणा, चढतात, आणि जितक्या पिन तितकं हुकूम मानणं अवघड. हलक्या मशीनगनचा पल्ला छत्तीस इंच, नाइकाच्या हातातल्या टॉमीगनचा बारा. पायदळ साधं चाललं तर सहा इंच, धावलं तर बारा.

ते आकडे वाचून काही होत नाही. टेबलावर पट्टी टाकली की होतं. माझी अकरा वर्षांची मुलगी ईरा जर्मन चालवते आणि मी मराठे. पहिल्या तीन खेळांत माझा नाईक त्या गनपर्यंत पोहोचलाच नाही. एकदा दुसऱ्याच पाळीत पडला. एकदा इतक्या पिन चढल्या की तो हललाच नाही. चौथ्या खेळात मी सेक्शन गनच्या अगदी जवळून सुरू केलं, जसं खरं झालं होतं तसं, आठ इंचांवरून. पहिला फासा जर्मनांचा निघाला. ईराने फासे टाकले आणि माझी सगळी माणसं एक एक करून आडवी ठेवली, नाईक सोडून. मग पिशवीत हात घातला तर माझा फासा आला.

ईरा म्हणाली, "बाबा, आता तुम्ही मागे जाऊ शकता ना?"

नियमाने जाता येत होतं. आठ इंच म्हणजे टेबलावर माझी वीत. तिच्या पलीकडे ते चार चेहरे, चौथा मागे वळलेला. मी नाइकाला पुढे सरकवलं. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत ती गन म्हणजे नुसता एक शब्द होता.

ज्यांना दुसऱ्या महायुद्धातलं भारतीय सैन्य इटलीत खेळवायचं आहे त्यांनी समोरच्या बाजूसाठी हा डबा घ्यावा असं मी मनापासून सांगेन. घेताना उन्हाळा की हिवाळा ते आधी ठरवा, आणि जोडणीला निदान दोन शनिवार-रविवार ठेवा. मी दुसरा डबाही मागवला आहे. त्यातून सेनिओ नदीचा ९ एप्रिल १९४५ चा दिवस करायचा आहे. त्या दिवशी त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव दोन जखमी माणसांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून घेऊन परत आले, आणि मग एकट्याने तीन मशीनगनच्या जागा घेतल्या. नदीच्या उंच बांधासाठी थर्माकोल कापून ठेवला आहे. तीन गनांवरची माणसं यावेळी लोकरी गणवेशात येतील, फील्ड ग्रे, आणि त्यांची डोकी ईरा निवडणार आहे.