पीएच पेन की थेंबांचं किट?
गच्चीवरच्या हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना खताच्या पाण्यात वाढवलेल्या पालकासाठी पाण्याचा पीएच (ते किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) मोजायला मी दोन्ही वापरतो. किटमध्ये थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी जुळवायचा. बिघडण्यासारखं काही नाही. पण खतानं पाणी आधीच पिवळट असेल तर रंग ओळखणार कसा?

पेन 0.1 पर्यंतचा फरक दाखवतो, मात्र त्याचे लाड फार! आधी 7.00, मग 4.01 च्या बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणात) कॅलिब्रेशन, म्हणजे पेनचा आकडा जुळवून घेणं. वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही. पेनच्या टोकाचा काचेचा बल्ब घासायचा नाही, नुसता टिपायचा. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण हवं, आरओचं पाणी नको. सोलापूरच्या मे महिन्यात ते द्रावण बघता बघता आटतं. माझा पहिला पेन असाच कोरडा पडून गेला.

तरी पीएच 5.5 ते 6.5 मध्ये ठेवायचा तर पेनच. त्याच्यावर संशय आला, की किट साक्षीला.