नाडीचा परकर सोडून रुंद पट्ट्याचा परकर: आठ महिन्यांचा अनुभव

मी शाळेत शिकवते. सकाळी साडेनऊला नेसलेली साडी संध्याकाळी सहा-साडेसहाला सुटते, आणि त्यातले जवळजवळ दोन तास एसटीत जातात. २२ वर्षं हेच चाललंय. साडी सुटू नये म्हणून नाडी करकचून आवळायची, हे मला कुणी शिकवलं नाही. आईला, मावशीला बघत आले आणि हातांना तीच सवय लागली.

उजव्या कमरेवर, गाठ बसते तिथे, करंगळीएवढा रुंद काळा पट्टा कधीचाच पडला होता. आमच्याकडे विदर्भात एप्रिल-मे म्हणजे घामाच्या धारा. त्या दिवसांत तिथली साल निघायची, घाम लागला की चुरचुरायचं. रात्री खोबरेल तेल लावायचे आणि सकाळी पुन्हा त्याच जागेवर नाडी बांधायचे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्‌स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची माहिती छापली. दोघींच्याही कमरेवर वर्षानुवर्षं बांधलेल्या जागी जखम होती, ती महिनोन्‌महिने भरली नाही आणि शेवटी त्वचेचा कर्करोग निघाला. मार्जोलिन अल्सर म्हणतात त्याला. त्यांतली एक तर परकर घालतच नव्हती, लुगडंच कमरेला घट्ट नेसायची. म्हणजे मूळ दुखणं आवळण्याचं. हा आजार फार क्वचित होतो, त्यामुळे काळा डाग दिसला म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. पण भरत नसलेली जखम घेऊन घरात बसूही नये. मी त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून आले. घर्षणाचा डाग आहे, नाडी बदला, म्हणाले.

आधी इलॅस्टिकचा परकर आणला. तासाभरात निऱ्यांच्या वजनाने पुढून खाली उतरला, फळ्यावर लिहिताना एका हाताने निऱ्या धरायची वेळ आली. मग तो ताणणाऱ्या कापडाचा, अंगाला घट्ट बसणारा परकर घेतला. साडी त्यावर सुरेख बसते, खोटं कशाला बोलू. लग्नकार्यात दोन-तीन तासांसाठी मी अजूनही तो घालते. पण एसटीची पहिली पायरी उंच असते, पाऊल उचललं की गुडघ्याशी अडतं. मुलांसोबत खाली बसता येत नाही. आणि घाम त्यात मुरतच नाही.

शेवटी गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे गेले. म्हटलं, नेफा नको, तीन बोटं रुंद पट्टा लावा. त्या म्हणाल्या, “मॅडम, नाडीच नाही म्हणता, मंग साडी टिकन कशी?” मलाही तीच भीती होती. पण जरा विचार केला तर लक्षात येतं. साडीचं सगळं वजन नाडीच्या बारीक रेघेवर येतं. ती रेघ अंगात रुतते तेव्हाच धरून राहते. तीन बोटांच्या पट्ट्यावर तेच वजन पसरतं आणि सुती कापडाला सुती कापडाची पकड मिळते. आवळावं लागतच नाही.

पहिला परकर फसला. पट्टा सरळ कापला होता. कंबर वर अरुंद आणि खाली रुंद असते, त्यामुळे पट्ट्याची वरची कड सुटी राहायची आणि खाली बसलं की दुमडायची. दुसऱ्या वेळी ताईंनी पट्टा किंचित गोलाईत कापला, दुहेरी पॉपलीनचा, आत बुकरमचं कडक अस्तर न घालता. बुकरम बसताना पोटात टोचतं. उघडण डाव्या कुशीला ठेवली, म्हणजे निऱ्यांखाली गाठ येत नाही. आत आडवी पट्टी लावली, फट दिसत नाही. बंद करायला पायजम्याला असते तसली चपटी सुती नाडी, फक्त पट्ट्याच्या दोन टोकांना शिवलेली, सुरगाठ मारायची. हुक लावून पाहिला होता, पण जेवणानंतर कंबर वाढते आणि हुक वाढत नाही.

आता बांधताना मी खुर्चीवर बसून बांधते. बसल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. उभ्याने बांधलेलं बसल्यावर नक्की काचतं. निऱ्या खोचल्यावर एक सेफ्टी पिन निऱ्या आणि पट्ट्यातून आडवी लावते. पूर्वी पिन नेफ्यात लावायचे तर कापड फाटायचं. दुहेरी पट्ट्याला आठ महिन्यांत एक भोकसुद्धा पडलेलं नाही.

सवा दोन मीटर कापड लागलं, सहा कळ्यांचा घेर. शिवायला देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवाच. माझा एक परकर पहिल्या धुण्यात दोन बोटं आखडला आणि साडीखालून पाय दिसायला लागले. साटीन दिसायला छान, पण त्यावरून सिल्कची साडी घसरते. साटीनवर हा पट्टा मी वापरून पाहिला आणि दिवसभर साडी सावरत बसले. जड जरीच्या साडीखाली सुतीच हवा.

साडी सुटली का? एकदाही नाही. सहलीला मुलांना घेऊन किल्ला चढले, एसटीत उभ्याने आले, ऐन उन्हाळ्यात निवडणुकीच्या याद्यांसाठी घरोघर फिरले. दुपारी साडी बोटभर खाली येते खरी, ती वर खोचून घ्यावी लागते. नाडीच्या परकराला हे होत नव्हतं, हा फरक मान्य.

काळा पट्टा गेलेला नाही. फिका झालाय, कडा पुसट झाल्यात, आणि हात फिरवला तर पूर्वीसारखी जाड, खरखरीत कातडी लागत नाही. या मे महिन्यात साल एकदाही निघाली नाही.

आईचं वय ७४. तिच्या कमरेवर तर खाचच आहे, आंघोळ घालताना दिसते. तिच्यासाठी दोन पांढरे शिवून आणले तर म्हणाली, सैल वाटतं गं, उघडं असल्यासारखं. मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दोरीवर तिचा नवा परकर वाळत होता.